गाठी जातात, कापड येते

मेळाव्यासाठी आपल्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीचे पत्ते गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले होते. यादी पूर्ण झाली तेव्हा दिसले की निम्म्याहून अधिक मित्रमैत्रिणी पुणे, मुंबई, नाशिक आणि परदेशात आहेत. 'जालना सोने का पालना' असे म्हणत आपण मोठे झालो. मग पाळण्यातली मुले पोटासाठी इतक्या लांब का गेली? मी गावातच राहिलो आणि तीस वर्षे कापसाच्या व्यापारात हिशेब लिहिले. म्हणून उत्तर कापसातच शोधतो आहे. गुरुजनांनी चुका दुरुस्त कराव्यात.

इतिहासाच्या सरांनी भोकरदनच्या उत्खननाबद्दल सांगितलेले काहींना आठवत असेल. सातवाहनकाळातले हे भोगवर्धन. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला आणि त्याच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांत मिळाली होती. पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. त्याच काळातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात पैठण आणि तेर इथून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे, आणि तेरच्या मालात कापड आहे. कापूस नव्हे, विणलेले कापड. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या काळात नेमके हेच उलटे झाले.

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे झाली आणि जालना तिच्यावर आले. रेल्वेने शहराला पेठ दिली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने दिले, पण तिच्यातून बाहेर गेल्या त्या रुईच्या गाठी. हैदराबाद संस्थानातल्या मोठ्या कापडगिरण्या गुलबर्गा, नांदेड आणि वरंगळला निघाल्या. जालन्याच्या वाट्याला तेवढी मोठी गिरणी आली नाही. (त्या तिन्ही गिरण्या आज बंद आहेत, तेव्हा फार हळहळण्याचे कारण नाही असे कोणी म्हणेल. पण नांदेडला निदान दोन-तीन पिढ्या त्या गिरणीवर जगल्या.)

ज्यांचा कापसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा हिशेब सांगतो. एक क्विंटल कापूस जिनात घातला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल होते, ढेप जनावरांना जाते. १७० किलो रुईची एक गाठ बांधतात, म्हणजे गाठीमागे पाच क्विंटल कापूस. त्या गाठीतून पाच-सहाशे शर्ट सहज व्हावेत. सूतकताई, विणाई, रंगाई, शिलाई या एकेका पायरीवर माणसे लागतात, सर्वांत जास्त शिलाईला. आपल्या गावी फक्त पहिली पायरी होते, आणि सगळ्यात कमी हात तिथेच लागतात.

तेही कमी झाले. आपल्या लहानपणी जिनात बायांची रांग बसलेली असे, हाताने रुळाला कापूस घालत. संध्याकाळी त्या बाहेर पडत तेव्हा केसांवर, भुवयांवर रुई चिकटलेली असे. २००० साली केंद्र सरकारने कापसासाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली आणि जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले. कापूस हवेच्या नळीतून आपोआप रुळावर जाऊ लागला. गाठ स्वच्छ झाली, भाव बरा मिळाला, बाया घरी बसल्या. त्यांचे काम कुठल्या परदेशात गेले नाही, नळीत गेले. हे मी नोंदवून ठेवतो, कारण सगळा दोष बाहेरच्यांवर टाकायची आपली सवय आहे.

१९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा आपली सहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. सातवीत असताना, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आठवीत आपल्या वर्गात मुंबईहून एक मुलगा आला. वडील गिरणीत होते, संप लांबला, कुटुंब मामाकडे आले. तो मेळाव्याला येणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्याच्या वडिलांना ती नोकरी पुन्हा मिळाली नाही.

संपामुळे गिरण्या बुडाल्या असे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. संपाआधीच काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळू लागले होते. तिथे मजुरी कमी होती आणि गिरणीसारखी संघटना नव्हती. काम परदेशी जाण्याच्या आधी ते असे घरातल्या घरात हलले. गिरण्यांच्या जागेला कापडापेक्षा जास्त भाव आला, ही त्यानंतरची गोष्ट.

माझ्या वहीत हा बदल गावांच्या नावांनी दिसतो. सुरुवातीला गाठी मुंबईला आणि तमिळनाडूकडे जात. पुढे कागदांवर बांगलादेशातल्या चितगाव बंदराचे नाव येऊ लागले. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी त्या देशाच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. युरोपने गरीब देशांच्या मालाला २००१ पासून जकात माफ केली, त्याचा त्यांना फायदा झाला. मजुरी कमी, हेही खरे. पण आपला स्वतःचा कायदाही आड आला. तयार कपडे शिवण्याचा उद्योग आपण लघुउद्योगांसाठी राखीव ठेवला होता. हेतू चांगला होता. पण शेजारी हजारो शिलाई मशीन एका छपराखाली मांडत असताना आपले कारखाने लहानच राहिले. २००० च्या वस्त्र धोरणात तयार कपड्यांवरचे आरक्षण उठले, तोवर गिऱ्हाईक तिकडे बसले होते. आज आपल्या बाजारात शर्ट घेताना आतली चिठ्ठी वाचा. 'मेड इन बांगलादेश' सापडेल. रुई कदाचित बदनापूर-अंबडची असेल.

लोखंडात मात्र जालन्याने उलटी वाट धरली. इथे ना खाण, ना कोळसा. जगभरातले भंगार बंदरातून येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. म्हणजे कच्चा माल बाहेरचा आणि पुढची पायरी आपली. पण भट्टीपुढे उभे राहणारे पुष्कळसे कामगार बिहार-उत्तर प्रदेशचे, आणि आपल्या वर्गातली मुले चाकण-पिंपरीला. त्या उष्णतेत आणि त्या पगारात काम करायला आपण आपल्या मुलांना पाठवले नसते, हे आपसांत मान्य करायला हरकत नाही.

आणखी एक काम इथे बाहेरून आले आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' काढली तेव्हापासून जालना बियाण्यांचे गाव झाले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जिल्ह्यातल्या शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरचीचे संकरित बियाणे तयार होते, त्यातले काही परदेशी कंपन्यांसाठी. प्रत्येक फुलातले नर भाग चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. यंत्राला हे अजून जमत नाही. बारीक नजर आणि स्वस्त हात लागतात. हे काम करणाऱ्या बायांमध्ये एक मला ओळखीची निघाली. तिची आई आमच्या जिनात कापूस घालायची.