शितावरून भाताची परीक्षा, पण माणसाची?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली शितं साधारण सारखीच शिजतात. माणसाचे गुण तसे नसतात. तरीही एक गुण दिसला की बाकीचे आपण मनानेच ठरवून टाकतो. ही सवय किती खोल आहे, हे गेल्या शतकातल्या तीन अभ्यासांतून कळते.

१९२० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी सैन्यातील गुणांकन तपासले. वरिष्ठांनी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण दिले होते. पण एका बाबतीत वरचढ ठरलेला माणूस बाकीच्या बाबतींतही वर जात होता. थॉर्नडाइक यांनी याला 'हेलो' म्हटले. हेलो म्हणजे देवाच्या मूर्तीमागे असते तशी प्रभावळ.

१९४६ मध्ये सॉलोमन ॲश यांनी एका काल्पनिक व्यक्तीच्या गुणांची यादी लोकांना ऐकवली. दोन गटांच्या याद्यांत फरक एकाच शब्दाचा होता: एकात 'प्रेमळ', दुसऱ्यात 'थंड'. तेवढ्यावरून पहिल्या गटाला ती व्यक्ती उदार वाटली, दुसऱ्याला नाही.

१९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी एकाच प्राध्यापकाच्या दोन चित्रफिती दाखवल्या. एकीत तो आपुलकीने बोलत होता, दुसरीत तुटकपणे. तुटक प्राध्यापक पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचे रूप आणि उच्चारही खटकले. आपल्या नावडीचा त्या मतावर परिणाम झाला, हे मात्र त्यांना जाणवलेच नाही.

प्रभावळ जशी उजळ असते तशी काळीही असते, आणि ती जिवावर बेतू शकते. रस्त्यात कोणी झोकांड्या खातोय, असंबद्ध बोलतोय, घामाने डबडबलाय. कपडे मळके असतील तर लोक 'दारुडा' म्हणून पुढे जातात. पण मधुमेहाच्या रुग्णाची साखर अचानक उतरली तरी हीच लक्षणे दिसतात. डोक्याला मार लागला असेल किंवा पक्षाघाताचा झटका असेल, तरीही बोलणे अडखळते. दारूचा वास आला म्हणून यातले काही नसेलच, असेही नाही.

अशा वेळी १०८ ला फोन करा. मधुमेह असल्याचे कळले, माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा.

निदान तपासणीनंतर करायचे असते. माणसाबद्दलचे मतही त्याच क्रमाने बनवलेले बरे.