नकुलाची विद्या, सहदेवाची विद्या

विराटपर्वाच्या प्रारंभी पाच पांडव अज्ञातवासासाठी आपापले वेष आणि व्यवसाय ठरवितात, तो प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. धर्मराज कंक होतो, भीम बल्लव होतो, अर्जुन बृहन्नडा होतो. धाकट्या दोघांनी कोणता व्यवसाय पत्करला याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन विराटाच्या अश्वशाळेत राहतो आणि सहदेव तंतिपाल होऊन त्याच्या गोधनाची निगा पत्करतो. म्हणजे हे दोघेही माद्रीपुत्र एका अर्थाने पशुवैद्यच झाले. माता एक, गुरू एक. परंतु एकाने घोडा निवडला आणि दुसऱ्याने गाय-बैल. पुढे विराटाच्या राज्यावर संकट कोसळले ते मात्र गोधनाच्या निमित्ताने. प्रथम त्रिगर्तांचा सुशर्मा आला आणि मागाहून कौरव आले, ते विराटाच्या गाई हाकून नेण्यासाठीच.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यापुढे पदवीनंतर जो प्रश्न उभा राहतो तो या दोन भावांच्याच प्रश्नासारखा आहे. शल्यचिकित्सा घ्यावी की प्रजननशास्त्र, रोगजंतूंचा अभ्यास करावा की औषधांचा, घोड्या-कुत्र्यांकडे वळावे की गुरा-शेळ्यांकडे? वरवर पाहता ही निवड ज्याच्या त्याच्या आवडीची आहे. तथापि इतिहास असे सांगतो की, ही निवड पुष्कळदा आवडीने झालेली नाही. ती कधी सत्तेने करविली, कधी पैशाने आणि कधी रोगाने. या निवडीचे फळ कोणाला भोगावे लागते, हे पाहावयाचे असेल तर राजधानीपासून दूर असलेल्या, बैलावर जगणाऱ्या एखाद्या मुलखाकडे पाहावे. आदिलाबाद हा असाच एक मुलूख होय.

उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी अशा नद्यांच्या कोंदणात जुना आदिलाबाद जिल्हा वसला होता. सागवानाची अरण्ये, डोंगरांतील गोंड आणि कोलाम वस्त्या, लमाणांचे तांडे, सखल भागात कापूस पिकविणारी काळी जमीन आणि बाजारात कानी पडणारी तेलुगू, मराठी, गोंडी व उर्दू ही त्याची ओळख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखाला जोडले गेले आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळ इकडे आला. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. सीमा अशा बदलत गेल्या. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवरची गुरे एकाच प्रकारचा चारा खात राहिली आणि एकाच रोगांनी मरत राहिली.

या भूमीत बैलाचे स्थान काय, हे पौषी अमावास्येच्या सुमारास केसलापूरला कळते. नागोबाच्या जत्रेसाठी मेसराम कुळातील गोंड गोदावरीचे पाणी पायी चालत घेऊन येतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्यांतून येऊन वडाच्या झाडांखाली उतरतात. श्रावणी अमावास्येचा पोळा इथे मराठी कुणबीही करतो आणि गोंडही करतो. हा केवळ उत्सवाचा भाग नव्हे. पहिला पाऊस पडल्यावर पेरणीचे दिवस मोजकेच असतात. त्या दिवसांत जोडीतील एक बैल बसला, तर दुसरा असून नसल्यासारखा होतो. आणि ज्याचे शेत त्या वर्षी पडीक राहिले, त्याला सावकाराचे दार टाळता येत नसे.

असे असूनही प्राचीन काळापासून शास्त्राचा ओढा राहिला तो मुख्यतः घोड्याकडे आणि हत्तीकडे. अश्ववैद्यकाला शालिहोत्राचे नाव मिळाले, हत्तींच्या चिकित्सेवर पालकाप्याचा प्रचंड ग्रंथ झाला. अग्निपुराणात गवायुर्वेदाचा अध्याय आहे, पण ग्रंथांची तशी परंपरा गाईबैलांच्या वाट्याला आली नाही. कारण उघड आहे. घोडा आणि हत्ती राजाचे, बैल कुणब्याचा. राजाजवळ वैद्याला देण्यासाठी वर्षासन होते. कुणब्याजवळ पायलीभर जोंधळे होते.

युरोपात नव्या पशुवैद्यकाचा जन्म झाला तोही याच विसंगतीत. अठराव्या शतकात बुळकांडीने तेथील गोधनाचा संहार मांडला होता. १७६१ साली फ्रान्समधील लियाँ येथे क्लोद बुर्जला याला पहिले पशुवैद्यक विद्यालय काढण्याची राजाज्ञा मिळाली, त्यामागे हे गुरांचे मरण होते. परंतु बुर्जला स्वतः अश्वविद्येचा आचार्य. १७९१ साली लंडनला विद्यालय निघाले, तेथेही घोडाच मुख्य विषय राहिला. पलटणीला घोडा हवा होता, डाकेला आणि मालवाहतुकीला घोडा हवा होता, आणि घोड्याचा मालक वैद्याचे शुल्क देऊ शकत होता.

तीच दृष्टी घेऊन हे शास्त्र हिंदुस्थानात आले. सैन्यातील घोड्यांची निगा हे इंग्रज पशुवैद्यांचे पहिले काम होते. मुंबईत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याच्या आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी मुंबईच्या ट्राम घोडे ओढीत. रिसाले होते, संस्थानिकांचे तबेले होते, शर्यतीचे मैदान होते. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला घोड्याची विद्या खुणावीत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

मात्र सर्वांनीच घोड्यामागे धाव घेतली असेही नाही. या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांनी मुंबईस येण्यापूर्वीच, १८८१ साली, बैलांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याहून बोलके उदाहरण हॅलन यांचे आहे. मुंबईच्या सैन्यातील हा अश्ववैद्य हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष झाला आणि १८७१ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. घोड्यांच्या सेवेत नाव मिळविलेल्या माणसाला बैलाचे मरण मोजण्यास बसावे लागले. पुढे तो पुन्हा अश्वपैदाशीच्या कामाकडे गेला ही गोष्ट खरी. पण बुळकांडीकडे पाठ फिरवून राज्य चालविता येणार नाही, हे त्या अहवालाने सरकारच्या पदरात टाकले.

बुळकांडी म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागते, हेच त्या शास्त्राचे यश म्हणावयाचे. जनावराला सपाटून ताप भरे, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागे, तोंडात व्रण पडत, मग दुर्गंधीयुक्त पातळ हगवण सुरू होई आणि काही दिवसांत धष्टपुष्ट बैल सुकून आडवा होई. एक गेला की त्याच्यामागे गोठाच्या गोठा जाई. गावकरी देवीला नवस करीत. या रोगावर उपचार नव्हताच. कितीही कुशल शल्यवैद्य गोठ्यात येऊन उभा राहिला, तरी त्याच्या हातून काही होणे शक्य नव्हते.

उत्तर सापडावयाचे होते ते प्रयोगशाळेत. १८८९ साली पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे डॉ. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. इतके घातक रोगजंतू वस्तीजवळ बाळगणे बरे नव्हे आणि त्या कामाला थंड हवाही हवी, म्हणून १८९३ साली ती हिमालयात, कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९७ साली रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले. त्या एकांतात जनावरांचे रक्त आणि पेशी तपासण्यात आयुष्य घालविणे, ही कोणाही महत्त्वाकांक्षी तरुणाला मोह पाडणारी निवड नव्हती. परंतु तेथेच प्रथम रोगप्रतिबंधक रक्तजल तयार झाले आणि १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये एकामागून एक असा वाढवीत नेऊन त्याची मारकशक्ती कमी केली. त्यापासून झालेली लस एकदा टोचली की बैलाला दीर्घकाळ संरक्षण मिळे.

लस झाली, तरी ती गोठ्यापर्यंत नेणारा माणूस हवा होता. हैदराबादला १९४६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम हाती घेण्यात आली. आरंभीचा संकल्प पाच वर्षांत शेकडा ऐंशी गुरांना लस टोचण्याचा होता. लस थंड ठेवावी लागे. बर्फ वितळला की ती निकामी होई. जेथे रस्ता नाही, ओढे चढले की आठवडा आठवडा वाट बंद, आणि गुरे पहाटेच रानात गेलेली, अशा डोंगरी वस्त्यांत हे काम कसे होत असेल, याची कल्पना आदिलाबादची घाटवळणे पाहिलेल्याला सहज येईल. उरलेल्या शेकडा वीस गुरांत रोग दबा धरून राहिला आणि पुढली चार दशके त्याचा पाठलाग करावा लागला. भारतातील बुळकांडीची शेवटची नोंद १९९५ सालची आहे. २००६ साली देश या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ साली सर्व जगातून बुळकांडी नष्ट झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर मानवाने पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा रोग होय.

एक रोग गेला की शास्त्राचे लक्ष दुसरीकडे वळते. १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धशाळेत कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग झाला आणि १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरळीकांचनला स्थापन केलेल्या संस्थेने संकरित गाय खेडोपाडी नेली. प्रजननशास्त्राला यामुळे मोठे महत्त्व आले. ज्या बैलांचे मूत्र हुंगताच वांझ गाईदेखील विते, अशा बैलांची लक्षणे आपणास ठाऊक आहेत, असे विराटपर्वात सहदेव सांगतो. ती अतिशयोक्ती सोडली तरी वांझ गाईची चिंता किती जुनी आहे हे त्यावरून दिसते.

आपल्या बैलाचे काही रोग असेही आहेत की ज्यांचा धडा आपल्याच गोठ्यात गिरवावा लागला. जुवाने होणारी खांदेसूज हा त्यांपैकी एक. शिंगाचा कर्करोग हा दुसरा. शिंग एका बाजूस झुकते, बैल सारखे डोके हलवू लागतो, नाकपुडीतून रक्त येते. वेळीच शस्त्रक्रिया केली तर जनावर वाचण्याची आशा असते. पश्चिमेकडील गोठ्यांत हा रोग फारसा आढळत नाही. म्हणून तेथील ग्रंथांवर विसंबून न राहता इथल्याच शल्यवैद्यांना हात बसवावा लागला.

कोणीही फारशा उत्साहाने न निवडलेल्या विषयाचे मोल किती असते, याचे अगदी अलीकडचे उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० नंतर देशातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. कारण पुष्कळ दिवस कळेना. अखेर मेलेल्या गिधाडांची चिरफाड करणाऱ्या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले की, गुरांना वेदना कमी करण्यासाठी दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली भारतात त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना अपाय न करणारा पर्याय पुढे आला. त्यानंतर काही वर्षांनी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूरच्या वनात, पालारापूच्या कड्यावर, लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आढळली तेव्हा केवढा आनंद झाला! गोठ्यातील एका सुईचा संबंध अरण्यातील कड्याशी असतो, हे औषधशास्त्राच्या आणि विकृतिशास्त्राच्या अभ्यासकांनी उघड केले.

आज पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यापुढील शाखा डझनाहून अधिक आहेत. किनवटचा विद्यार्थी परभणीला जातो, पैलतीरावरचा हैदराबादला किंवा कोरुटल्याला. शहरात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांना बरकत आहे. एके काळी घोड्याला जे स्थान होते ते आता त्यांना आले आहे आणि कारणही तेच आहे, मालकाची ऐपत. त्यात कमीपणा काही नाही. नकुलाची विद्याही विद्याच होती. परंतु शेळ्यांचा प्लेग १९८७ साली भारतात प्रथम आढळला, तो अजून गेलेला नाही. २०३० पर्यंत त्याचे जगातून उच्चाटन करण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संस्थांनी सोडला आहे, आणि शेळी ही तर भूमिहीनाची एकमेव ठेव. ताडोबा आणि टिपेश्वरचे वाघ नद्या ओलांडून कव्वालच्या अरण्याकडे येतात, वाटेत गुरे मारतात. त्या वाघाचा आणि त्या गुराख्याचा, दोघांचाही वैद्य व्हावयास माणसे हवी आहेत.

हॅलनला बैलांकडे वळविले ते साथीने, लिंगार्डला मुक्तेश्वरास नेले ते रोगजंतूंनी. पुढची साथ कोणती हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि ती येईल तेव्हा तिच्यासाठी विद्यार्थी तयार करण्यास वेळ मिळणार नाही. विराटाच्या गाई हाकून नेल्याची वार्ता नगरात पोहोचली, तेव्हा त्या गाईंची खूण पटविणारा सहदेव वर्षभर आधीपासून गोठ्यात राहत होता. शाखा निवडणाऱ्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या यादीबरोबर आपल्या गावच्या गोठ्याकडेही एकदा पाहावे, एवढेच हा इतिहास सुचवितो.