शब्दवेध : रहम

'रहम कर' हे शब्द आपल्या तोंडी इतके रुळलेत की त्यांत आई दडलेली आहे, हे जाणवतही नाही. अरबीत 'रहिम' म्हणजे गर्भाशय. 'रहम' त्याच धातूचा. अरबीची सख्खी बहीण हिब्रू. तिच्यात 'रेहेम' म्हणजे गर्भाशय आणि 'रहमीम' म्हणजे करुणा. बायबलमधल्या यशयाच्या 49व्या अध्यायात देव विचारतो, आई तान्ह्याला विसरेल का? आणि ती विसरली तरी आपण विसरणार नाही, असं सांगतो. तिथे मायेसाठी आलेलं क्रियापद याच धातूचं.

आपलं 'वात्सल्य' गोठ्यातलं. वत्स म्हणजे वासरू. नुकतं जन्मलेलं, ओलं, पाय लटपटणारं वासरू गाय चाटत असते. त्यानं अजून काहीएक केलेलं नसतं. तरी पान्हा फुटतोच.

शब्दांत अशी माया दडलेली असते. पण देवाची इच्छा जाणायला पुष्कळ जण शास्त्र उघडतात ते कौल लावल्यासारखं. उघडेल त्या पानावरची ओळ म्हणजे हुकूम. मला हे पटत नाही. बोलणाऱ्याचं मन कळल्याशिवाय बोलण्याचा अर्थ कसा लागणार? त्यासाठी शब्दापाशी थांबावं लागतं, पुन्हा पुन्हा.

अशा थांबल्या त्या पंडिता रमाबाई. संस्कृतात मुरलेल्या. तरी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं बायबल साध्या मराठीत उतरवत राहिल्या. 1922 साली त्या गेल्या. त्यांच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली-बायका होत्या.