दुहेरी विणीची हकिकत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिही, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मला विणकामाखेरीज दुसरा विषय सुचला नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मात्र सुया हातात आल्या त्याला आता तीस वर्षे होतील. आपल्यापैकी बऱ्याच जणी दुकानात जाऊन ‘डबल निटिंगची लोकर द्या’ म्हणतात. हे ‘डबल’ कशाचे, ते आले कोठून आणि आपल्या हाती कसे पडले, ते आज सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, या एका नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक लोकरीची जाडी आणि दुसरी विणण्याची रीत.

जाडीचे आधी सांगते. पूर्वीपासून लोकर पदरांवर ओळखीत : दोन पदरी, तीन पदरी, चार पदरी. चार पदरीच्या दुप्पट म्हणजे आठ पदरी. ऑस्ट्रेलियात या डबल निटिंगला आजही आठ पदरीच म्हणतात. चार पदरी लोकर १० नंबरच्या सुईवर विणली तर ४ इंचांत सुमारे २८ टाके बसतात. डबल निटिंग ८ नंबरच्या सुईवर विणली तर सुमारे २२ बसतात. सुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड, हा उलटा हिशेब जुन्या इंग्रजी मापाचा आहे आणि तो आपल्याकडे अजून चालतो. पूर्वी लोकर औंसावर मिळे. १९५८ पासून देशात दशमान वजने सुरू झाली आणि पुढे ग्रॅम आले. नंबर मात्र तसेच राहिले.

आता रीत. दुहेरी विणीत दोन सुयांवर एकाच वेळी दोन पदर तयार होतात. सम टाके घालावेत. एक टाका सुलट विणावा, धागा पुढे घ्यावा, पुढचा टाका न विणता उचलून घ्यावा, धागा मागे न्यावा. प्रत्येक ओळ अशीच. दोन ओळी झाल्या की दोन्ही पदरांची एकेक ओळ होते. शेवटी एकाआड एक टाके दोन सुयांवर वेगळे केले की आत पिशवी तयार! दोन रंग घेतले तर एका रंगाने सुलट व दुसऱ्याने उलट विणीत जावे. मग एका बाजूस पांढऱ्यावर लाल फूल उमटते आणि दुसऱ्या बाजूस लालवर पांढरे. कडेला दोन्ही धागे एकमेकांत अडकवावेत, नाहीतर कडा सुटी राहते. दोन पदरांमध्ये हवा कोंडली जाते, म्हणून ऊब जास्त. आपल्या गोधडीचे तत्त्व हेच की! गोधडीत थर आधी असतात आणि टाके मागून पडतात. इथे टाक्यांतूनच थर जन्मतात.

ही रीत जुनी आहे. सुमारे १८४० च्या काळात इंग्लंडात विणकामाची पुस्तके निघू लागली, त्यांत ती गळपट्ट्यांसाठी दिलेली आढळते. टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीत तर एक म्हातारी दाई एकाच वेळी, एकाच सुयांवर दोन मोजे विणते आणि मुलांसमोर एकातून दुसरा ओढून काढते. मुलांना ती जादूच वाटते.

विणकामाचे आणि लढाईचे नाते मोठे आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावा या गावी लढाई झाली. तिथल्या थंडीत इंग्रज शिपायांसाठी घरच्या बायकांनी लोकरी टोप्या विणून पाठविल्या. त्या टोपीला पुढे त्या गावाचे नाव पडले. आपण तिला माकडटोपी म्हणतो! त्याच युद्धातील लॉर्ड कार्डिगन यांच्या नावाचे आपले कार्डिगन आणि सेनापती लॉर्ड रॅगलन यांच्या नावाची रॅगलन बाही. सरदारांची नावे कपड्यांना मिळाली. ज्यांनी ते विणले त्या बायांचे नाव कोठेच नाही.

आपल्या देशी लोकरीचे काम नवे नव्हते. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर आणि तिची घोंगडी आपल्या भागात पिढ्यान्पिढ्या आहे. परंतु ती लोकर राठ आणि घोंगडी मागावरची. दोन सुयांचे विणकाम साहेबांच्या मडमांनी आणि मिशनच्या बायांनी आणले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकामही शिकवीत. १८७६ साली कानपुरास आणि १८८० साली पंजाबात धारीवाल येथे लोकरीच्या गिरण्या निघाल्या. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढले. तेथील हातकामाच्या वर्गांनी कित्येक निराधार बायकांना चार पैसे मिळवण्याची वाट दाखविली. ‘विणकाम म्हणजे रिकामपणाचा उद्योग’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग आले १९६२ साल. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. चौदा-पंधरा हजार फुटांवर आपल्या कित्येक जवानांच्या अंगावर सुती कपडे होते. देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. स्वेटर, मोजे, हातमोजे, माकडटोप्या विणल्या जाऊ लागल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे लोक म्हणाले. सह्याद्रीच्या लेकी-सुनाही आपापल्या परीने धावल्याच होत्या. तेव्हा आपले लोणार मेहकर तालुक्यात होते. माझ्या आजेसासूबाई सांगत की, दिवसा शेत आणि रात्री कंदिलापाशी विणकाम, असे त्यांनी दोन स्वेटर पुरे केले. त्यांना अक्षरओळख बेताचीच होती, टाके मात्र त्या मनातल्या मनात मोजीत आणि कधी चुकत नसत.

त्या धांदलीत जाड लोकरीचा उपयोग काय, ते मी एकदा वहीवर मांडून पाहिले. छाती ४० इंच, लांबी २६ इंच आणि दोन पुऱ्या बाह्या, असा मोठ्या माणसाचा स्वेटर धरला. डबल निटिंगमध्ये त्याला सुमारे ५९ हजार टाके पडतात. चार पदरी लोकरीत तेच सुमारे ९७ हजार. मिनिटाला ३० टाके या वेगाने पहिल्याला ३३ तास लागतात आणि दुसऱ्याला ५४. म्हणजे जाड लोकरीने एका स्वेटरमागे २१ तास वाचतात. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला ते २१ तास फार मोलाचे.

हा हिशेब करण्याचे दुसरेही एक कारण होते. काही वर्षांमागे एका दुकानदाराने मला एका स्वेटरची मजुरी ३०० रुपये सांगितली. ‘लुधियानाचा तयार स्वेटर स्वस्त पडतो, ताई. तुम्ही तर घरी बसल्या बसल्या करता,’ असे तो म्हणाला. घरी येऊन मी भागाकार केला. तासाला ९ रुपये! दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले आणि त्याला टाके दाखविले. भाव काही वाढला नाही, पण ‘बसल्या बसल्या’ हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. ते काम मी घेतले नाही. पुढे ज्यांच्यासाठी विणले त्यांना आधी तास सांगितले आणि मग दर. काही गिऱ्हाइके गेली, काही राहिली. राहिली त्यांच्यावर थोरलीच्या दोन वर्षांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला.

यंत्राशी शर्यत लावण्यात अर्थ नाही, हे मलाही कळते. बाजारातला बराचसा धागा आता ॲक्रिलिकचा आहे आणि तयार स्वेटर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. पण मोजले न गेलेले काम फुकट समजले जाते. जवानांसाठी विणलेल्या त्या स्वेटरांवर कोणाचे नाव नव्हते आणि ते कोणी मागितलेही नाही. नाव नसले तरी चालेल, पण मोजदाद असावी.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. दुहेरी वीण येणाऱ्या आपल्यात आता मोजक्याच उरल्या आहेत. त्यांनी येत्या हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी एक तास नव्या मुलींना शिकवावे. मीही येईन. आणि मंडळात एक वही ठेवावी. कोणी काय विणले, लोकर किती लागली, तास किती लागले, मजुरी काय मिळाली, एवढे तीत लिहावे. दहा वर्षांनी पुढची स्मरणिका निघेल तेव्हा लिहिणारीला माझ्यासारखे अंदाजाने भागाकार करावे लागणार नाहीत.