तांदळाचा डबा रिकामा होतो तेव्हा : अन्नसाहाय्य कोठे मिळते आणि त्यास हातभार कसा लावावा

महिन्याच्या वीस-बावीस तारखेस तांदळाचा डबा तळाशी जातो, किराणा दुकानदार उधारीची वही मिटतो, आणि तरीही रविवारी ते कुटुंब इस्त्रीचे कपडे घालून मिस्साला येते. आपल्या धर्मग्रामांतील भूक बहुधा अशीच असते. ती हात पसरत नाही, म्हणून ती दिसत नाही. कोठे कर्ता पुरुष आजारी पडलेला असतो, कोठे कारखाना बंद झालेला असतो, कोठे एखादी विधवा दोन मुलांसह भाड्याच्या खोलीत दिवस काढीत असते. अशा घराने कोणते दार ठोठवावे, आणि ज्यांच्या घरी पुरेसे आहे त्यांनी आपला वाटा कोठे व कसा द्यावा, याची माहिती येथे दिली आहे. शासकीय नियम सर्व महाराष्ट्रास लागू आहेत. इतर उदाहरणे मुख्यतः वसई व मुंबई परिसरातील आहेत.

'फूड बँक' हा शब्द आज सर्वत्र ऐकू येतो. त्याचा उगम एका चर्चशी निगडित आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल हे गृहस्थ संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या अन्नछत्रात सेवा करीत असत. मुलांचे पोट भरण्यासाठी दुकानामागच्या कचराकुंडीतून चांगले अन्न वेचणारी एक माता त्यांना भेटली. पैशांची बँक असते तशी अन्नाचीही असावी, असे तिनेच त्यांना सुचवले. सेंट मेरीज धर्मग्रामाने बेकरीची एक जुनी इमारत व तीन हजार डॉलर दिले आणि १९६७ साली जगातील पहिली म्हणून ओळखली जाणारी फूड बँक उभी राहिली. कल्पना सुचली ती दात्याला नव्हे, भुकेलेल्या घरातील बाईला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रेशन : दान नव्हे, हक्क

आपल्याकडे तशी गोदामे फारशी नाहीत. आपली सर्वांत मोठी फूड बँक म्हणजे कोपऱ्यावरचे रेशन दुकान. चर्चच्या कार्यालयात मदतीसाठी येणाऱ्या कुटुंबास प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच, की शिधापत्रिका आहे का, आणि तीवर धान्य मिळते का?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार 'प्राधान्य कुटुंब' गटातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अत्यंत गरीब अशा 'अंत्योदय' कुटुंबास एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. महाराष्ट्रात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९ हजार व ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ठरविण्यात आली. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. केशरी शिधापत्रिका आहे म्हणजे धान्य मिळेलच असे नाही. कुटुंबाची नोंद प्राधान्य गटात असावी लागते. ती नसेल तर उत्पन्नाच्या दाखल्यासह तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबईत असल्यास शिधावाटप कार्यालयात, अर्ज करावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

दुसरी चूक नावांची. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी होते, पण सासरच्या पत्रिकेत वर्षानुवर्षे चढत नाही. बाळाचा बाप्तिस्मा होतो, जन्मदाखला मिळतो, शिधापत्रिकेत मात्र नोंद होत नाही. प्रत्येक राहिलेल्या नावामागे महिन्याला ५ किलो धान्य बुडते. याखेरीज पत्रिकेतील प्रत्येक सदस्याचे ई-केवायसी करून घ्यावे लागते. आयुष्यभर शेतात वा मासळीत राबलेल्या वृद्धांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. एखाद्या तरुणाने अशा आजीसोबत दुकानापर्यंत व गरज पडल्यास पुरवठा कार्यालयापर्यंत जाणे, ही मोठी मदत आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

कामासाठी गाव सोडून आलेल्यांनी हेही जाणून घ्यावे की 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे गावची पत्रिका येथील दुकानातही चालते. दुकानदार नकार देत असल्यास १९६७ या मदतक्रमांकावर तक्रार करता येते. सहा वर्षांखालील बालके, गरोदर व स्तनदा माता यांना अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. पहिली ते आठवीच्या मुलांना शासकीय शाळांप्रमाणेच अनुदानित शाळांतही दुपारचे जेवण मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या कितीतरी शाळा अनुदानित आहेत.

धर्मग्रामाचे दार

रेशनमध्ये धान्य मिळते. तेल, डाळ, मीठ, गॅस यांचे काय? आणि अर्ज मंजूर होईपर्यंतच्या महिन्यांचे काय? येथे धर्मग्रामाची गरज लागते. ज्या धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल संघटनेची शाखा आहे, तेथे प्रथम तिच्याकडे जावे. फ्रेडरिक ओझानम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये ही संघटना स्थापन केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. संघटनेची पद्धत आजही तीच आहे. सदस्य दोघे-दोघे मिळून घरी भेट देतात, परिस्थिती पाहतात आणि कुटुंबास काय हवे ते ठरवतात. कोठे दरमहा शिधा, कोठे औषधे, कोठे शाळेची फी. धर्म विचारला जात नाही. कुटुंबाचे नाव सभेबाहेर जाऊ नये, असा दंडक आहे.

शाखा नसेल तर प्रमुख धर्मगुरूंना किंवा आपल्या विभागातील धर्मभगिनींना भेटावे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात गर्दीत बोलण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातील एखाद्या दिवशी कार्यालयात जावे. स्वतः जाण्याचा संकोच वाटत असेल तर विश्वासू शेजाऱ्याकरवी निरोप पाठवावा. शिधापत्रिकेची प्रत सोबत असल्यास बरे, पण कागद नाहीत म्हणून भुकेल्या घराला परत पाठवणारी मदत ही मदत नव्हे, असे आम्हास वाटते.

ज्यांच्याकडे चूलच नाही त्यांना कच्चा शिधा देऊन उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी शिजवलेले अन्न वाटणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत माजी पोलिस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने रोटी बँक सुरू झाली. २०१४ साली दिल्लीत स्थापन झालेल्या रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक अनेक शहरांत उपाहारगृहांतील उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत नेतात. ही संस्था पैसे स्वीकारत नाही. गुरुद्वाऱ्यातील लंगर तर सर्वांना खुले असते. तेथे कोणी नाव-गावही विचारत नाही.

देणाऱ्यांसाठी

नाताळच्या सुमारास चर्चच्या पेटीत काय जमा होते, ते एकदा पाहावे. बिस्किटांचे पुडे, शेवया, अर्धी वापरलेली मसाल्याची पाकिटे, मुदत संपत आलेले डबाबंद पदार्थ. आपल्या स्वयंपाकघराची साफसफाई म्हणजे दान नव्हे. घराला लागतात ते तांदूळ, तूरडाळ, बंद पिशवीतील तेल, मीठ, साखर, चहा, कांदे-बटाटे, आंघोळीचा व कपड्यांचा साबण आणि स्त्रियांसाठी सॅनिटरी पॅड. ही शेवटची वस्तू मागावयास कोणी धजावत नाही, म्हणून ती न विचारता पिशवीत घालावी. जे तांदूळ आपण घरी खातो तेच द्यावेत.

पुष्कळदा वस्तूंपेक्षा रोख रक्कम अधिक उपयोगी पडते. घाऊक दुकानातून एकत्र खरेदी केल्यास त्याच पैशांत अधिक शिधा येतो, आणि गॅसचा सिलिंडर तर पिशवीतून देता येत नाही. रक्कम देताना पावती अवश्य घ्यावी. वर्षातून एकदा हिशेब सूचनाफलकावर लागावा, हा आग्रह धरण्यात अविश्वास नाही. त्याने काम करणाऱ्यांचेच रक्षण होते.

लग्नसराईत उरलेल्या अन्नाविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. रात्री अकरा वाजता पातेली शिल्लक राहिल्यावर दूरध्वनी करणारे यजमान पुष्कळ असतात, आणि त्या वेळी गाडी व माणसे मिळत नाहीत. संस्थेशी आधीच्या आठवड्यात बोलून ठेवावे. वाढलेल्या ताटांतले नव्हे, पातेल्यातले न वाढलेले अन्नच द्यावे. मटण, मासळी, दुधाचे पदार्थ मांडवातील उकाड्यात तासन्‌तास उघडे राहिले असतील, तर मोह टाळून ते देऊ नयेत. शिजवलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिले तरच ते सुरक्षित राहते. उरलेल्या अन्नाचे संकलन व वाटप यांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली स्वतंत्र नियम केले असून असे काम करणाऱ्या संस्थेस नोंदणी आवश्यक आहे. जे अन्न आपण दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांना देणार नाही, ते गरिबाच्या मुलालाही बाधतेच.

आणखी एक विनंती. शिध्याची पिशवी हाती देताना छायाचित्र काढू नये. फलकासमोर उभे राहून तांदूळ स्वीकारणाऱ्या बाईची मुलगी उद्या त्याच शाळेत जाणार असते. छायाचित्राच्या भीतीने मदत नाकारणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांचा दोष नाही.

पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१७ पासून नोव्हेंबरमध्ये 'गरिबांचा जागतिक दिन' पाळला जातो. त्या रविवारी व पुढे नाताळात पेट्या भरून वाहतात. आपल्याकडील ओढग्रस्तीचे दिवस मात्र वेगळे आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बांधकामाची रोजंदारी पावसामुळे थांबते आणि त्याच वेळी शाळेची पुस्तके व गणवेश घ्यावे लागतात. नोव्हेंबरात साठवलेल्या धान्याला तोवर कीड लागलेली असते. म्हणून धर्मग्राम परिषदांनी दुसरे संकलन मे महिन्याच्या अखेरीस ठेवावे. कोळीवाड्यांलगतच्या धर्मग्रामांनी तर ते पहिले मानावे, आणि मिळालेला शिधा जूनच्या पहिल्या आठवड्यातच घरोघरी पोहोचता करावा.