बीपीटीचं कूळ

आदिलाबादच्या काळ्या रानावर राज्य कापसाचं. धानाच्या बांध्या पाहायच्या तर कडेम आणि गोदावरीच्या पाण्याकडे, म्हणजे आता वेगळ्या झालेल्या निर्मल आणि मंचेरियाल जिल्ह्यांत उतरावं लागतं. तरी इथल्या दुकानात बारीक तांदूळ मागितला की पुढे येणारं पोतं बहुधा बीपीटीचं असतं.

बीपीटी म्हणजे बापटला. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या या गावातल्या भात संशोधन केंद्रानं १९८६ साली बीपीटी ५२०४ हा वाण दिला. त्याचं नाव सांबा मसुरी. याचे पूर्वज तीन ठिकाणचे: जीईबी २४ मद्रास इलाख्यातला, टीएन १ तैवानचा आणि मसुरी मलायाची. मसुरीच्या कुळातही पुन्हा एक तैवानी भात आहेच. शुद्ध देशी वाणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा आपल्या ताटातल्या भाताची वंशावळ पाहावी. दाणा बारीक, भात मोकळा, चव अशी की गिऱ्हाईक दुसरं मागत नाही. पण या गुणी वाणाला कडा करपा चटकन लागायचा.

हा जिवाणूंचा रोग. पानाच्या कडा शेंड्याकडून नागमोडी पिवळ्या पडतात, मग वाळून पांढुरक्या होतात. रोगट पान कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरलं तर कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरते. ते जिवाणूच. जपानच्या फुकुओका भागात १८८४ मध्ये हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात तो १९५१ मध्ये आपल्या कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात दिसला आणि १९६३ मध्ये बिहारच्या शाहाबादेत त्याची मोठी साथ आली. यावर फवारून भागत नाही. बियाण्यातच ताकद हवी.

ती ताकद सापडली एका जंगली भातात. आफ्रिकेतल्या माली देशातून आलेल्या ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा या जातीचं एक झाड कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेतल्या चाचण्यांत रोगाला पुरून उरलं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरुदेव खुश आणि सहकाऱ्यांनी त्याचं प्रतिकाराचं जनुक लागवडीच्या भातात आणलं. या कामाला १९७८ ते १९९० अशी वर्षं गेली. त्या जनुकाचं नाव एक्सए २१. पामेला रोनाल्ड यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटानं १९९५ मध्ये ते वेगळं काढलं. आणखी दोन जनुकं आशियाई भातांतली: एक्सए ५ बांगलादेशाकडच्या औस भातांतलं, एक्सए १३ भारतीय बीजे १ मधलं.

एकाच जनुकावर न विसंबता तिन्ही एकत्र आणायची, तर खरी अडचण इथेच येते. एक्सए ५ आणि एक्सए १३ अप्रभावी आहेत. आई-बाप दोघांकडून मिळाल्याशिवाय त्यांचा गुण दिसत नाही. शिवाय झाडात एक्सए २१ असलं की ते निरोगीच राहणार. मग उरलेली दोन आत आहेत की नाहीत, हे पान पाहून कसं कळावं? जिवाणूंच्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीनं पानांचे शेंडे कापून रोपं पारखायची जुनी रीत चांगली, पण या प्रश्नापुढे ती आंधळी.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल ३ या भाताच्या शेतात नुसत्या डोळ्यांना वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी तांदूळ उभा केला. त्या डोळ्याला तोड नाही. मात्र न दिसणारं जनुक निवडायला डोळा पुरत नाही, तिथे मार्कर लागतो. मार्कर म्हणजे त्या जनुकाला चिकटून असलेला डीएनएचा ओळखीचा तुकडा. रोपाच्या पानाचा कपटा घ्यायचा, त्यातला डीएनए काढून तो तुकडा वाढवायचा आणि जेलवर उमटलेली रेघ वाचायची.

हैदराबादचं भात संशोधन संचालनालय आणि तिथलंच पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) या दोन संस्थांनी तिन्ही जनुकं असलेली एसएस १११३ ही भाताची ओळ सांबा मसुरीशी संकरित केली. मग निवडलेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा सांबा मसुरीशीच संकर केला. दर पिढीत दोन गाळण्या. पहिली, तिन्ही जनुकं आहेत का? दुसरी, उरलेला डीएनए जास्तीत जास्त सांबा मसुरीचा आहे का? दुसरी गाळणी मला अधिक मोलाची वाटते. रोग हटला आणि चव गेली, तर असा तांदूळ घेणार कोण? चौथ्या संकरानंतर स्वपरागणातून तिन्ही जनुकं पक्की झालेली झाडं निवडली आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी शेतकऱ्यांच्या हाती आली. यात बाहेरून जनुक टोचण्याचा प्रकार नाही, परागकणांनीच झालेला संकर आहे. जनुकबदल पिकांवरून वाद झडतात तेव्हा हा फरक हमखास हरवतो.

पुढे तपासणीत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. या तांदळाचा ग्लायसेमिक इंडेक्स सुमारे ५१ भरला. ५५ पर्यंतचा आकडा कमी मानतात. करप्याविरुद्ध घडवलेला वाण मधुमेह्यांच्या यादीत जाऊन बसला! दरम्यान त्याच मार्करच्या वाटेनं पानांवर डोळ्यांच्या आकाराचे ठिपके पाडणाऱ्या बुरशीजन्य करप्याविरुद्धची पीआय २ आणि पीआय ५४ ही जनुकंही या वाणात आणण्याचं काम झालं.