तळटीप १७ : शाफ्टचा बुश

१७. शाफ्टचा बुश : हस्तलिखितात ‘बूच’ आहे, पण बूच बाटलीला. इथला बुश म्हणजे फिरत्या दांड्याला टेकू देणारी मऊ धातूची आखूड नळी. लेखकाची गाडी फोर्ड मॉडेल टी (निर्मिती १९०८–१९२७). तिच्यात मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट बंद नळकांड्यातून जातो. त्याचे पुढचे टोक, युनिव्हर्सल जॉइंटच्या लगेच मागे, या बुशात फिरते. तिथे ग्रीसची वाटी असते, तिचे झाकण मधूनमधून पिळायचे. त्यात आळस झाला की बुश झिजतो, शाफ्ट हेलकावे खातो आणि पायाखाली घरघर सुरू होते. वस्तू बोटभर, पण बदलायची तर मागचा अख्खा अ‍ॅक्सल शाफ्टसकट उतरवावा लागतो. मग जुना बुश ठोकून काढायचा, नवा बसवून शाफ्टच्या मापाने रीमर फिरवायचा. लेखकाचा नगरचा मुक्काम लांबला तो यामुळे. नगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. साधारण त्या काळचे वाहन पाहायचे असल्यास तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये (१९९४) सिल्व्हर घोस्टच्या चासीवरची रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे.